पाटावर उभं राहणारं माणूस

आमच्या गावात पाट उपसायला दर घरातून एक माणूस लागतं. एप्रिलचा तिसरा रविवार. डोंगरातल्या झऱ्यापासून खालच्या देवळापर्यंत पाट आहे, हिवाळाभर बर्फाखाली दबलेला, कुजक्या पानांनी आणि गाळानं बुजलेला. तो एका सकाळीत मोकळा करायचा, म्हणजे मे महिन्यात भातशेतीच्या तुकड्यांना पाणी. पुरुष आला तर ते एक माणूस. बाई आली तर अर्धं.

का, ते मला विचारू नका. लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, बाईला मध्येच घरी जाऊन भात शिजवावा लागतो ना." एकतीस वर्षं झाली. मी एकदाही मध्येच घरी गेले नाही. तरी अर्धीच.

ज्या घरातून अख्खं माणूस येत नाही, त्या घराची पाण्याची पाळी जाते. पाळी गेली की त्या घराचे डोंगरावरचे तुकडे गावच्या शेती गटाकडे. गटात चार जण आहेत, दोन मोठी यंत्रं आहेत, माणसं वाईट नाहीत. पण जमीन एकदा त्यांच्याकडे गेली की बांधावर उभं राहायलाही परक्यासारखं वाटतं, हे मी दुसऱ्यांचं बघितलंय. एकोणीस घरांच्या यादीत आता सात उरली होती, त्यात आमचं एक.

माझा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून आमचं अख्खं माणूस म्हणजे मामंजी. तोकुजी त्यांचं नाव, वय एकोणऐंशी. आणि नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी खिडक्यांना फळ्या लावताना, मामंजी शिडीवरून पडले. छपरावरून नाही, दुसऱ्याच पायरीवरून.

"छपरावरून पडलो असतो तर सांगायला तरी बरं होतं," ते दवाखान्यात म्हणाले. उजव्या मांडीचं हाड वर कमरेपाशी मोडलं होतं. आत सळई घातली होती. तेवढ्यातही त्यांना लाज कशाची, तर पायरी दुसरी होती याची.

जानेवारीअखेर त्यांना घरी आणलं. बर्फ खिडकीच्या वर गेलेलं. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ दारापासून रस्त्यापर्यंत वाट खोदायची, आणि आत आले की मामंजींना उठवायचं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात ना, तसं चाललं होतं. बिछान्यातून खुर्चीत यायला पाव तास. खुर्चीतून संडासापर्यंत भिंत धरधरून आणखी पाव तास. मधल्या वेळात शिव्या. मला नाही, पायाला. "हरामखोर, एकोणऐंशी वर्षं खायला घातलं तुला!"

सरकारी सेवेच्या यादीत, जिथे माणूस जितकं परावलंबी तितकी पायरी वरची, त्यांना दुसरी पायरी मिळाली होती. म्हणजे काय, तर आठवड्यातून दोनदा गाडी येऊन त्यांना खालच्या गावात अंघोळीला नेणार, आणि आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घेणाऱ्या बाई घरी येणार. हागीवाराबाई. चाळिशीच्या, अंगानं भरलेल्या, आवाज खणखणीत. छोट्या पांढऱ्या गाडीतून बर्फात घसरत घसरत यायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, "आहात का जिवंत?"

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय करता यायला हवं?"

"पाटात उभं राहायचंय."

"किती वेळ?"

"आठ ते बारा."

"आणि बारानंतर?"

"बारानंतर सगळे दारू पितात. ते मला आत्ताही जमेल."

बाई हसल्या, पण वहीत लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "पाटात पायाखाली काय असतं?"

"गाळ. शेवाळलेले दगड. गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फाचं पाणी."

तिथून सुरू झालं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, वीस वेळा. ओट्याला धरून टाचा वर करायच्या. आडवं पडून कंबर उचलायची आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायची. किलोभर लाल चवळीची पिशवी घोट्याला बांधून पाय पुढे, पाय बाजूला. दोन रजया चौघडी करून जमिनीवर टाकल्या, हा गाळ. त्यावर उभं राहून माझ्याकडे टोपली द्यायची, घ्यायची. मामंजींचा चेहरा घामानं थबथबायचा, दात आवळलेले. पहिल्या आठवड्यात रजईवर तीन आकड्यांच्या वर ते टिकले नाहीत.

"रडा की जरा," हागीवाराबाई म्हणायच्या. "दुखतंय तर ओरडा. मला काय, मी परकी."

"तुमच्या वयाच्या बाईसमोर रडायला मी काय सिनेमातला आहे?"

एकदा टोपली घेताना बाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुमचा उजवा खांदा वर जात नाही वाटतं?"

"कानापर्यंत जातो. अर्ध्या माणसाला तेवढा पुरतो," मी म्हटलं. मामंजींनी ऐकलं आणि खिडकीकडे बघायला लागले.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ते काठी घेऊन ओसरीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला लागले. चांगल्या दिवशी. वाईट दिवशी सकाळी कंबरेतून उठवतच नसे, आणि मी भांडं घेऊन जायचे, ते तोंड फिरवून घ्यायचे. चांगले दिवस वाढत होते, हे मात्र खरं. मी बर्फावर कोंड्याची काळी राख फेकायला वरच्या तुकड्यांवर जायला लागले, म्हणजे बर्फ लवकर वितळावं. वरून आमचं घर दिसायचं आणि ओसरीवर त्यांची आकृती दिसायची, एकेक पाऊल टाकताना. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला पुष्कळच बरं वाटायचं.

मग नगरपालिकेतून पत्र आलं. पायरीची मुदत संपत आली, पुन्हा पाहणी होणार, माणूस घरी येईल.

पाहणीच्या दिवशी मामंजी पहाटे उठले. मला न बोलावता उठले. दाढी केली, दोन ठिकाणी कापून घेतलं. कॉलरचा पांढरा शर्ट मागितला. मला म्हणाले, "फरशी पूस. आणि ते भांडं आत ठेव."

"मामंजी, तो माणूस तुमचं दुखणं बघायला येतोय, सोयरीक करायला नाही."

"सरकारी माणूस आपल्या दारात येतो आणि मी अंथरुणात पडून राहू? फुकटखाऊ म्हणेल."

माणूस आला. तिशीतला, मऊ बोलणारा, मांडीवर फाईल. मामंजींनी त्याला वाकून नमस्कार केला, तोही गुडघे मोडून, जमिनीवर. गेल्या तीन महिन्यांत ते गुडघे मोडून बसले नव्हते.

"नाव सांगा आजोबा. जन्मतारीख? आणि आत्ता कोणता ऋतू चाललाय?"

"खिडकीबाहेर बघा, तुम्हाला ठाऊक नसेल तर."

माणूस हसला. "अंथरुणातून उठता येतं?"

"येतं."

"संडासात एकटे जाता?"

"मग काय मिरवणुकीनं जाऊ?"

मी म्हटलं, "साहेब, रोज नाही हं जमत. परवाच सकाळी..."

"हिचं काय ऐकता," मामंजी म्हणाले. "बायकामाणूस, काळजीपोटी वाढवून सांगते."

"एका पायावर उभं राहता येतं का?"

मामंजी उठले. काठी घेतली नाही. डावा पाय त्यांनी उचलला, म्हणजे उभे राहिले ते मोडक्यावर. मी मनात मोजत होते. तीन झाले, चार झाले. कानशिलावरची शीर फुगली होती, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि चेहऱ्यावर हसू. आठ. मग पाय खाली टेकून ते स्वयंपाकघरात गेले आणि पाहुण्यासाठी स्वतः चहा करून घेऊन आले. कप बशीवर खडखडत होता. तो माणूस म्हणाला, "वा, आजोबा! कमाल आहे तुमची," आणि फाईलमध्ये खुणा करत राहिला.

त्याची गाडी वळणाआड गेली आणि मामंजी होते तिथेच बसले. बसले कसले, कोसळले. दोन दिवस त्यांना हलता आलं नाही. कपड्यातच झालं. मी ते सगळं काढताना ते छताकडे बघत होते, आणि एकदाच म्हणाले, "चहा मात्र चांगला झाला होता."

पडले तरी नाक वर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ओल्या कपड्यात पडलेल्या माणसाशी काय भांडणार?

मार्चच्या दहाला कागद आला. तोकुजी यांची प्रकृती पुष्कळ सुधारली असून त्यांना सगळ्यात खालची पायरी देण्यात येत आहे. अंघोळीची गाडी बंद. हागीवाराबाई बंद.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "एका पायावर उभे राहिलात?"

"राहिलो."

"किती?"

"आठ आकडे."

"माझ्यासमोर पाचच्या वर कधी गेला नाहीत."

"तुम्ही काय पाहुण्या आहात?"

बाईंनी व्यायामांची चित्रं काढलेला कागद भिंतीला चिकटवला. दारात बूट घालताना मला हळूच म्हणाल्या, "सगळेच म्हातारे असं करतात. एरवी उठवत नाही, आणि पाहणीच्या दिवशी लग्नात नाचल्यासारखे उभे राहतात. पुन्हा पाहणी मागता येते, मागा. खोटं सांगू नका. फक्त वाईट दिवसाचंही सांगू द्या त्यांना." त्या फक्त एवढंच म्हणाल्या होत्या. पुढचं सगळं माझं.

मधले दिवस कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. आमची अंघोळीची टाकी खोल, लाकडी. मामंजींना आत उतरवायचं आणि बाहेर काढायचं. कमरेला पंचा गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून ते उभे राहायचे, आणि मी मागून काखेत हात घालायचे. एकतीस वर्षांत मी त्यांचा उघडा गुडघाही बघितला नव्हता. दुसऱ्या अंघोळीला माझ्या खांद्यात कट्‌ असा आवाज झाला, आणि मग तो हात पाण्याचा तांब्याही उचलेना. रोपांचे ट्रे भरायला माती चाळायची होती, भाताचं बी भिजत घालायचं होतं. मी डाव्या हातानं चाळायला बसले. मामंजी आतून विचारायचे, "किती ट्रे झाले?" मी उत्तर द्यायचे नाही. उत्तर दिलं असतं तर शिव्याच आल्या असत्या तोंडात.

एक दिवस मी खाली कचेरीत गेले आणि पुन्हा पाहणीचा अर्ज दिला. घरी येऊन मामंजींसमोर बसले.

"या वेळी दाढी करायची नाही. शर्ट नाही. अंथरुणातून उठायचं नाही. काही विचारलं की म्हणायचं, नाही जमत."

"खोटं बोलू?"

"ज्या दिवशी जमत नाही त्या दिवसाचं ते खरंच आहे."

"आज तर जमतंय."

"आज जमतंय म्हणून सांगितलंत, तर पाटावर जायच्या दिवशी जमणार नाही! बाई आल्या नाहीत तर पाय बसेल तुमचा. पाळी जाईल. वरचे सहाही तुकडे जातील. माझा हात गेलाच आहे. काय ते ठरवा."

मी त्यांच्याशी या आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी आपल्या पंजांकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं."

या वेळी बाई आली. पोक्त, चष्म्याची. मामंजी पांघरूण छातीपर्यंत ओढून पडले होते, गालावर चार दिवसांची पांढरी खुंटं.

"उठून बसता येतं का?"

"नाही जमत."

"कपडे घालायला?"

"नाही जमत."

"संडासला गेल्यावर स्वतःचं स्वतः स्वच्छ करता येतं का?"

मी भिंतीकडे बघितलं. "नाही जमत," मामंजी म्हणाले. आवाज सपाट. पाढे म्हणावेत तसा.

"हरकत नाही, आजोबा. आत्ता कोणता ऋतू आहे, सांगता येईल?"

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. बर्फातून कोवळे कोंब वर आले होते, मी सकाळीच त्यांची कढी केली होती आणि मामंजींनी दोन वाट्या प्यायल्या होत्या.

"नाही सांगता येत," मामंजी म्हणाले.

हे मी शिकवलं नव्हतं. बाईनं माझ्याकडे कणवेनं बघितलं आणि लिहून घेतलं. ती गेल्यावर मी विचारलं, "ऋतूचं का हो असं सांगितलंत?"

"सगळ्याला नाही म्हण म्हणालीस ना? मग नाही म्हटलं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कागद आला. तिसरी पायरी. आधीपेक्षाही वरची. अंघोळीची गाडी परत, हागीवाराबाई परत, वर संडासात धरायला दांडाही बसवून देणार. मला रडू आलं, आनंदानंच आलं. मी मामंजींपुढे कागद धरला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पडदे ओढ."

मला वाटलं, ऊन लागत असेल.

हागीवाराबाई आल्या, त्यांनी पाय तपासला आणि खूश झाल्या. "अहो, बसला नाहीये पाय! करत होतात वाटतं एकटे?" करत होते. मी माती चाळत असताना, पडद्याआड. बाईंनी खुर्ची, ओटा, रजया, सगळं करून घेतलं. मामंजी रजईवर उभे राहिले ते राहिलेच. बाई म्हणाल्या, "चला, आता अंगणात. बर्फ वितळलंय, चिखलात चालून बघू."

"अंगणात नाही."

"का?"

"सरकारी कागदावर लिहिलंय की मला उठवत नाही."

बाई हसायला लागल्या. "आजोबा, बरं वाटायला लागलं तर कोणी पकडून नेत नाही. बरं व्हावं म्हणूनच तर मला पाठवतात!"

"पंधरा दिवसांत? त्या बाईंना मी सांगितलं, ऋतू कळत नाही. आणि उद्या फावडं घेऊन पाटावर जाऊ? मियोची भाची त्याच कचेरीत बसते."

मियोकाकू म्हणजे आमच्या शेजारीण. तोंड पाटासारखं वाहतं. दुसऱ्याच दिवशी त्या खारवलेला मुळा घेऊन आल्या, तशी मामंजींनी काठी पलंगाखाली सरकवली, पांघरूण ओढलं आणि कण्हायला लागले. दहा मिनिटांपूर्वी ते एका पायावर पंधरा आकडे उभे होते. मियोकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय होते हो तोकुजीदादा, आणि काय झाले." मी मुळ्याबद्दल आभार मानत राहिले. जीव नकोसा झाला होता मला.

पाटाच्या आदल्या दिवशी हागीवाराबाई मला गाडीपाशी म्हणाल्या, "पाय तयार आहे. मी छातीठोक सांगते. काठावर धरायला काहीतरी द्या आणि न्या त्यांना."

मी आत जाऊन हात जोडले. "मामंजी, चला उद्या. मी कचेरीत जाऊन सांगीन की मी शिकवलं होतं. माझी चूक."

"आणि घराच्या अब्रूचं काय?"

"घर राहिलं तर अब्रू!"

"खोटं एकदा बोललो," ते म्हणाले. "आता ते सांभाळायला पाहिजे. तू जा."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते हेच. मी रात्रभर तळमळले. सकाळी साडेसातला डाव्या खांद्यावर फावडं टाकून निघाले. ते अंथरुणातच होते, तोंड भिंतीकडे.

झऱ्यापाशी सगळे जमले होते. कुराताकाका पाटाचे पुढारी, सत्तरीचे, भला माणूस. त्यांनी यादी काढून नावं पुकारली. सहा घरांचे पुरुष हो म्हणाले.

"तोकुजी."

झऱ्याचं पाणी वाजत होतं तेवढंच.

"किनुए आलीये," मी म्हटलं.

"हं. अर्धं." काकांनी लिहिलं, पण पेन वहीवरच ठेवलं. मग जवळ आले. "हे बघ किनुए, मला काही बरं वाटत नाही हे. त्यांनी पासष्ट वर्षं हा पाट उपसलाय. नुसते येऊन काठावर उभे राहिले ना, तासभर, तरी मी एक लिहितो. कुणाची काही हरकत नाही. काय रे?"

कुणाचीच नव्हती. सगळ्यांनी माना हलवल्या.

"माझी गाडी खाली आहे. जाऊन घेऊन येऊ का त्यांना?" काका म्हणाले.

माझ्या तोंडात हो आलं होतं. शप्पथ सांगते, ओठांपर्यंत आलं होतं. पण मियोकाकू शेजारीच उभ्या होत्या, त्यांच्या धाकट्या दिराबरोबर चहाची किटली घेऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, "अहो कुठलं आणता त्यांना! मी बघून आले ना, कूस बदलायलाही कण्हतात. डोकंही चालत नाही म्हणे, माझी भाची सांगत होती. ऋतूसुद्धा कळत नाही त्यांना." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "हो ना गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझे पाय झऱ्याच्या पाण्यात होते, घोट्यापासून बधिर झालेले.

"उठवत नाही त्यांना," मी म्हटलं.

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मग इलाज नाही. नियम नियम आहे, नाहीतर उद्या दुसरा म्हणेल. वरचे तुकडे यंदा गट करेल. तुझ्याही दृष्टीनं बरंच आहे ते. एकट्या बाईला कुठं झेपतंय वरचं." आणि खरंच सांगते, ते मला बरं वाटावं म्हणूनच बोलत होते.

मग काम सुरू झालं. मी पाटात उतरले आणि उपसत राहिले. पानांचा काळा लगदा, खाली वाळू, वाळूत दगड. फावडं डाव्या हातानं रेटायचं, गुडघ्यानं उचलायचं, काठावर टाकायचं. पुढच्या हिश्शाला कुराताकाकांचा पुतण्या होता, तो दर अर्ध्या तासानं काठावर बसून सिगरेट ओढायचा. मी एकदाही वर आले नाही. कुणी मोजत नव्हतं, मला ठाऊक होतं. आपल्याच तुकड्यांजवळून पाट जातो तिथे आले तेव्हा गटाचे दोघं बांध पावलांनी मोजत होते. मला बघून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मोजत राहिले.

बारा वाजता झऱ्याच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी उचलली. पाणी आलं, गढूळ, काड्याकुड्या ढकलत, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुरुष देवळाकडे दारू प्यायला गेले. मी घरी निघाले.

दार ढकललं आणि थबकले.

आतल्या मातीच्या पडवीत मामंजी उभे होते. कामाचे कपडे अंगात, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात पंचा गाठ मारून, डोक्यावर टोपी. पायाखाली दोन्ही रजया चौघडी करून टाकलेल्या. हातात काठी नव्हती. तोंड दाराकडे. चेहरा राखेसारखा, हनुवटीवरून घाम ठिबकत होता आणि रजईवर ओला डाग पडला होता.

"बारा वाजले?" त्यांनी विचारलं.

"वाजून गेले."

"आठला उभा राहिलो. गावचा भोंगा झाला तेव्हा." ओठ कोरडे पडले होते, शब्द सुटत नव्हते नीट. "एकदाही टेकलो नाही, किनुए. कशाला धरलंही नाही. पाय टिकला."

मी तोंडावर हात दाबला. हाताला गाळाचा वास येत होता.

"नाव पुकारलं माझं?"

"हो."

"काय म्हणालीस?"

"उठवत नाही म्हटलं."

त्यांनी मान हलवली. "बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. मग त्यांनी बसायचा प्रयत्न केला आणि गुडघे वाकेनात. दोन्ही पाय ताठ, थरथरत. मी फावडं टाकून धावले, काखेत हात घातला. माझा उजवा हात वर जाईना आणि डाव्याला त्यांचं वजन पेलेना. त्यांनी माझा खांदा धरला, दुखरा, आणि मी ओरडले नाही. त्यांना खाली बसवता येत नव्हतं, आणि सोडून देताही येत नव्हतं. तसेच दोघं उभे होतो, गाळानं भरलेली मी आणि घामानं भिजलेले ते. आणि मामंजी हसत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, लहान मुलासारखे, डोळ्यांतून पाणी वाहत, "चार तास," म्हणत. "चार तास गं."

रस्त्यावर पावलं वाजली. रिकामी किटली घेऊन मियोकाकू परत येत होत्या. मामंजींना तसंच एका हातानं धरून मी पाय लांब केला आणि पायानंच दार ओढून घेतलं.